साहेबांच्या चाबीची पूजा

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, आणि सांगताना आवाज बारीक करत नाही. बाबा रायपूरजवळ सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात क्रेन चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची. दोघांचं शिक्षण भंडाऱ्याकडच्या गावच्या शाळेत सुरू झालं आणि तिथंच थांबलं. मी रायपुरात हिंदी माध्यमातून शिकले, संगणकाची पदवी घेतली आणि निकाल लागल्या लागल्या चौबे कॉलोनीतल्या एका कंपनीत कामाला लागले. कंपनी म्हणजे एका डॉक्टरच्या बंगल्याचा वरचा मजला. खाली खोकणारे पेशंट, वर आम्ही. पण काम सरकारचं होतं, म्हणून आई सगळ्यांना सांगायची की पोट्टी सरकारात आहे. मी दुरुस्त करायची, ती ऐकायची नाही.

राज्य नवं होतं. राजधानी झाल्यामुळे रस्ते रुंद होत होते, मंत्रालय शहराबाहेर जायची भाषा चालली होती, आणि प्रत्येक खात्याला सगळं कंप्युटरवर पाहिजे होतं, तेही लवकर. आमच्या वाट्याला दाखले आले. निवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, असले. एक प्रोग्राम तहसीलीच्या केंद्रात अर्ज घ्यायचा. दुसरा पटवाऱ्याचा, म्हणजे तलाठ्याचा, अहवाल आणायचा. तिसरा दाखला तयार करायचा. आणि पुढे एखाद्या कॉलेजच्या किंवा खात्याच्या कंप्युटरनं विचारलं की हा दाखला खरा आहे का, कुणी दिला, तर चौथा त्याला उत्तर द्यायचा. हे चौघं आपसात बोलायचे. त्यांच्या मधलं दार माझ्याकडे होतं.

ते काम मला मिळालं, कारण दुसऱ्या कुणाला नको होतं. दाखला कसा दिसेल, त्यावर अशोकस्तंभ कुठे बसेल, यात सगळ्यांना गोडी होती. दाखला कुणी काढू शकतो आणि कुणी नाही, यात कुणाला नव्हती. मी ते नियम एका जागी, दाराशी ठेवले. कुठलीही विनंती आली की दार आधी नियम बघायचं, मग आत सोडायचं किंवा परत पाठवायचं. अर्ज भरणारानं तोच अर्ज मंजूर करायचा नाही. दाखल्यावर सही फक्त ज्याच्या हद्दीतला माणूस आहे त्याच अधिकाऱ्याची. आणि सोडलं काय, परत पाठवलं काय, कोण आलं होतं ते दार लक्षात ठेवायचं. मला ते काम फार आवडायचं. आजही आवडतं.

अधिकाऱ्याची सही म्हणजे बोटाएवढी एक वस्तू, दिसायला पेन ड्राइव्हसारखी. ती कंप्युटरला लावायची, आपला गुप्त आकडा टाकायचा, की सही झाली. तिचं खरं नाव लांबलचक होतं. तहसीलीत सगळे तिला साहेबांची चाबी म्हणायचे.

नियमानं ती साहेबांच्या, म्हणजे तहसीलदारांच्या, खिशात असायला पाहिजे. होती बडे बाबूंच्या खणात, आकडाही त्यांना पाठ. हे तिथले मुख्य कारकून, पन्नाशी उलटलेले, तोंडात कायम पान, कपाळाला टिळा. साहेबांचा शिक्का त्यांच्याकडे असायचा, साहेब बदलले तरी शिक्का त्यांच्याकडेच राहायचा, आणि हा त्यांचा मान होता. मग चाबी आली तर ती दुसरीकडे कशी जाईल? मी त्यांना सांगून पाहिलं की साहेब गावी असले तरी माझ्या दाराला वाटतं साहेबच सही करून राहिले. ते मला काम असलं की बेटा म्हणायचे आणि राग आला की मॅडम. त्या दिवशी शांतपणे म्हणाले, "बेटा, साहब मुझ पर भरोसा करते हैं। आपका कंप्यूटर क्यों नहीं करता?"

उत्तर होतं, पण एका चांगल्या माणसाच्या तोंडावर ते म्हणायचं कसं ते माहीत नव्हतं. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, वरून लिहून येऊ दे. वरून काही आलं नाही.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. आमच्याकडे ती मोठी असते. सिलतऱ्यात त्या दिवशी भट्ट्या सोडून बाकी सगळं थांबतं, क्रेनला हार, वेल्डिंगच्या मशिनीला हार, कामगारांच्या बायकापोरं कारखाना बघायला येतात. लहानपणी मी त्याच दिवशी बाबांची क्रेन पहिल्यांदा पाहिली. तहसीलीत आधी अशी पूजा नव्हती, पण बडे बाबू म्हणाले, आता आपल्याकडेही मशीन आली. तेव्हा केंद्रातल्या कंप्युटरांवर हळदीचे स्वस्तिक निघाले, प्रिंटरला झेंडूचा हार पडला. सगळ्यांत महत्त्वाची मशीन कोणती, तर साहेबांची चाबी. ती ताटात मधोमध ठेवली, पंचामृताचा चमचा घातला, गंगाजल शिंपडलं, आणि ओलं कुंकू दोन्ही बाजूंनी लावलं. तोंडालाही. मनापासून केलं, यात मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी चाबीचा दिवा लागेना.

केंद्रातून मला फोन आला तेव्हा त्यांनी पूजेचं सांगितलं नव्हतं, फक्त म्हणाले, आपका सॉफ्टवेयर खराब है. मी स्कूटीवर गेले. चाबी हातात घेतली तर बोटं लाल झाली. मी बडे बाबूंकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा खूप हसले. म्हणाले, "आम्हीबी क्रेनले हार घालतो, पण नारळ मोटरीत नाही फोडत."

मीही हसले. आई आणि लहान बहीण मात्र हसल्या नाहीत.

बहिणीचा बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागत होता. समुपदेशनाला, म्हणजे जागावाटपाला, शुक्रवारी कागद घेऊन हजर व्हायचं होतं आणि त्यात निवासाचा दाखला पाहिजेच होता. तो नसला तर राज्यातल्या मुलींच्या जागेवर तिचा हक्क नाही, जागा खालच्या नंबरच्या मुलीला. तिचा अर्ज आमच्याच केंद्रात होता. पटवाऱ्याचा अहवाल आलेला, सगळं पुरं झालेलं, फक्त सही बाकी. आणि सही त्या कुंकवाखाली. नवी चाबी मिळायला साहेबांनी स्वतः जाऊन ओळख पटवायची होती, आणि साहेब लांब, बिहारात, आपल्या गावी सुटीवर. पुढच्या आठवड्याशिवाय येत नव्हते.

तो बुधवार होता.

आईनं शिलाई मशीन थांबवली आणि विचारलं, "तू काहून नाही करून देत?"

मी म्हटलं, सही मी करू शकत नाही.

"कंप्युटर तूच बनवला ना? का दुसऱ्यानं बनवला?"

मी म्हटलं, मी बनवला म्हणून काय झालं.

"तात्यापाऱ्यातल्या मामीचा भाचा नगर निगममध्ये चपराशी आहे," आई म्हणाली, "नातेवाइकाचं एक काम अडू देत नाही. अन् तू एवढी शिकून, नियम सांगून राहिली."

बहीण आमच्याशी हिंदीतच बोलायची, तिच्या वयाच्या पोरींत तसंच होतं. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "दीदी, सच बताओ, हो सकता है कि नहीं हो सकता?"

खरं सांगायचं तर होऊ शकत होतं. बनवताना चाचणीसाठी आम्ही एक मागचा रस्ता ठेवला होता. त्या रस्त्यानं गेलं की दाखला अधिकाऱ्याच्या सहीशिवाय निघायचा. तो बंद करायचा राहून गेला होता आणि तो उघडणं माझ्या हातात होतं. दुपारी बडे बाबूंनीही तेच सुचवलं होतं. त्यांच्या टेबलापाशी दाखल्यांसाठी माणसं उभी होती, त्यांच्या कपाळाला घाम होता. म्हणाले, दस मिनट खोल दो बेटा, सबका भला हो जाएगा, तुम्हारी बहन का भी.

मी फार सोवळी आहे असं नाही. गॅसच्या रांगेत मी पुढे घुसलेली आहे. पण हा दाखला बहिणीजवळ जन्मभर राहणार होता. कॉलेजात, वसतिगृहात, शिष्यवृत्तीला, पुढे नोकरीला, जिथं जाईल तिथला कंप्युटर आमच्या कंप्युटरला विचारणार, हा दाखला कुणी दिला? आणि आमचा कंप्युटर म्हणणार, कुणीच नाही. कुणाच्या नावानं उत्तर देईल तो? साहेब गावी. चाबी मेलेली. मग पोलीस बहिणीकडे येतील, माझ्याकडे नाही. हे मी आईला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि मशीन पुन्हा सुरू केली. आमच्या घरात मशीन जोरात चालली की समजायचं, बोलणं संपलं.

रात्रभर विचार करून वगैरे मला काही सुचलं नाही. सुचलं ते सकाळी, बाबा डबा घेऊन ड्यूटीवर निघाले तेव्हा. शेजारच्या काकांनी विचारलं, आज कोणाची शिफ्ट? बाबा म्हणाले, माझी नाही, पण मालगुजार सुटीवर आहे, त्याच्या जागी मी. मालगुजार म्हणजे त्यांचा मित्र, त्याला सगळे तसं चिडवायचे.

साहेब सुटीवर गेले तर त्यांच्या जागी कोण? सरकारात साहेब सुटीवर गेला की प्रभार दुसऱ्याला देतात, लिहून देतात. तेवढं तर मलाही माहीत होतं. त्याची सोय मी दाराच्या नियमांत केली होती! प्रभाराच्या आदेशाचा क्रमांक टाकायचा, जिल्हा कार्यालयातून कुणीतरी तो मंजूर करायचा, की त्या दिवसापासून प्रभारी अधिकाऱ्याची स्वतःची चाबी चालायची, स्वतःच्या नावानं. पण ती सोय आजपर्यंत एकदाही कुणी वापरली नव्हती, म्हणून मी तिला विसरूनच गेले होते.

केंद्रात पोचले आणि बडे बाबूंना विचारलं, साहेबांचा प्रभार कुणाकडे आहे. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"है एक नायब मैडम, बगल की तहसील में।"

"तो उनको बुलाया क्यों नहीं?"

"मैडम हर फाइल पढ़ती हैं," ते म्हणाले. जणू काही आजार सांगितला.

तर असं होतं. प्रभाराचा आदेश साहेब जाण्याआधीच निघालेला, टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला. पण चाबी खणात असताना मॅडमना बोलावून काय करायचं? म्हणून तो आदेश कंप्युटरला कुणी सांगितलाच नव्हता. मी म्हटलं, आता सांगा. बडे बाबू म्हणाले, बघू, जेवणानंतर. चाबी बिघडल्याचं खापर आपल्या डोक्यावर फुटणार हे त्यांना कळलं होतं, आणि वर ही कालची पोट्टी हुकूम सोडून राहिली. ते फुगले होते. जेवणानंतर म्हणाले, चहानंतर. बाहेर लोक ताटकळत होते. एक म्हातारी दर थोड्या वेळानं आत डोकावून "हो गे का बेटा?" विचारायची आणि बडे बाबू "हव दाई, बइठ" म्हणून तिला परत बसवायचे.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या बाजूच्या कंप्युटरवर बसले, माझ्या नावानं आत गेले आणि प्रभाराचा आदेश स्वतःच टाकायला लागले. आदेश खरा होता, क्रमांक समोर काचेखाली होता, त्यात खोटं काही नव्हतं. बटण दाबलं.

पडद्यावर लाल पट्टी आली. बडे बाबूंनी चष्मा लावला, खुर्ची सरकवली आणि सगळ्या केंद्राला ऐकू जाईल असं वाचलं, "आपको इस कार्य का अधिकार नहीं है। आपका प्रयास दर्ज कर लिया गया है।"

ही दोन वाक्यं माझीच. टाइप करताना मला ती जरा जास्तच ठसक्यात लिहिली असं वाटलं होतं, पण बदलली नव्हती.

"ये किसने लिखा है, मैडम?" त्यांनी विचारलं. माहीत असून.

"मैंने।"

"आपको भी नहीं छोड़ा?"

"मुझे भी नहीं।"

ते हसायला लागले. पान सांभाळत, पोट धरून हसले. बाकीचे ऑपरेटरही हसले, बाहेरची म्हातारी काय झालं ते बघायला आत आली. मलाही हसू आलं, दुसरं करणार काय. मग बडे बाबूंनी डोळे पुसले, हात धुऊन आले, आणि स्वतःच्या नावानं आत जाऊन दोन बोटांनी आदेशाचा क्रमांक टाकला. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. जिल्हा कार्यालयात त्यांचा एक जुना ओळखीचा होता, त्याला त्यांनीच फोन केला, भैया, एक मंजूरी है, अभी देख लो. मॅडमनाही त्यांनीच फोन केला आणि फार अदबीनं बोलले. आमच्या दारानं मला परत पाठवलं नसतं तर त्यांनी ते सगळं चहानंतरच्या चहानंतर केलं असतं, असं मला आजही वाटतं.

मॅडम संध्याकाळच्या आत आल्या. चाळिशीतल्या, सुती साडी, चाबी स्वतःच्या पर्समध्ये, डबीत ठेवलेली. त्या खरंच प्रत्येक अर्ज वाचत होत्या. म्हातारीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात नातवाची कमाई तिच्या नावावर लागली होती, ती त्यांनी दुरुस्त करायला लावली. बहिणीच्या अर्जावर थांबल्या. आडनाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बहन है आपकी?"

मी हो म्हटलं. त्यांनी मग बहिणीच्या शाळेचं मूळ प्रमाणपत्र मागितलं, जे बाकी कुणाचं मागितलं नव्हतं. केंद्रात येऊन बसलेली बहीण बसनं घरी गेली, आईनं पेटीतून कागद काढून दिले, ती धापा टाकत परत आली. मॅडमनी ते उलटसुलट करून वाचलं. पटवाऱ्याच्या अहवालाशी ताडलं. मला तेव्हा थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पर्समधून चाबी काढली, हातानं आडोसा करून आकडा टाकला, आणि सही केली. दाखल्याखाली त्यांचं नाव आलं, पुढं प्रभारी असं लिहिलेलं.

शुक्रवारी आई बहिणीबरोबर गेली. मी ऑफिसात होते. चौबे कॉलोनीत, खालून खोकल्याचे आवाज येत होते, आणि मी माझ्या दाराची खिडकी उघडून बसले होते, म्हणजे पडद्यावर येणारे जाणारे दिसतात ती. कुणाच्या खासगी गोष्टी त्यात दिसत नाहीत, फक्त कोणत्या खात्यानं कोणता दाखला विचारला एवढंच. बराच वेळ काही नाही. मग समुपदेशनाच्या कंप्युटरची विचारणा आली. बहिणीच्या दाखल्याचा क्रमांक मला पाठ होता. हा दाखला दिला का? दिला. कुणी? मॅडमचं नाव, त्यांचं पद, प्रभाराचा आदेश. दारानं आत सोडलं, उत्तर गेलं. एका श्वासाइतकाच वेळ लागला. मी ते काम दोन वर्षं करत होते, पण पलीकडे कुणी उभं आहे असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला. "दीदी, सीट मिल गई," बहीण म्हणाली, आणि मग आईनं फोन ओढून घेतला. म्हणाली, "त्या बाईचं नाव आलं वं टीव्हीवर. चांगली बाई दिसते." ती कंप्युटरच्या पडद्याला टीव्ही म्हणायची.

मागचा रस्ता मी त्याच दिवशी बंद केला. साहेब परत आले, त्यांना नवी चाबी मिळाली, आणि यावेळी बडे बाबूंनीच ती त्यांच्या हातात दिली. म्हणाले, साहब, आप ही रखिए, ये बहुत नाजुक चीज़ है. पूजेचा विषय कुणी काढला नाही.

बहीण वसतिगृहात जायची होती त्या सकाळी आमच्या कंपनीत सरकारच्या विभागाचं पत्र आलं, आणि कंपनीच्या साहेबांनी ते माझ्या घरी पाठवलं. दारानं परत पाठवलेल्यांची यादी दर महिन्याला विभागाकडे आपोआप जायची. तोही माझाच नियम. त्या यादीत माझं नाव होतं. अधिकार नसताना प्रभाराची नोंद करण्याचा प्रयत्न केला, कारण कळवा. मी वाचत असताना आई बहिणीच्या पेटीत चिवड्याचे डबे बसवत होती.

"कायचं पत्र आहे?"

मी सांगितलं.

"नोकरी जाईन का?"

"नाही जात."

"मंग लिही खरं काय ते," आई म्हणाली, "अन् ये लवकर, हे पेटीचं झाकण लागत नाही."

मी खरं काय ते लिहिलं. आदेश खरा होता, घाई होती, बहिणीचाही अर्ज त्यात होता, अधिकार मला नव्हता, आणि दारानं परत पाठवलं ते योग्यच केलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मग आत जाऊन पेटीवर बसले. माझ्या वजनानं झाकण लागलं.